‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

प्रश्न असा आहे: ‘मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय १९, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीचे बाराही काळ तक्त्यासकट पाठ आहेत, पण दोन वाक्यं बोलायची म्हटली की सगळं उलटंपालटं होतं. गावात शिकवणारं कोणी नाही. सराव कसा करावा?’

वय लिहिलंस म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नको. मी इंग्रजीचा मास्तर नाही. दारव्ह्याच्या बाजूला एका जिनिंगमध्ये पंधरा-सोळा वर्षांपासून हिशेब आणि पत्रव्यवहार बघतो. कापूस येतो, रुई अन् सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना जातात. त्या लोकांशी इंग्रजीतूनच बोलावं लागतं, कारण त्यांची हिंदी आणि माझी तमिळ सारखीच. आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली, म्हणजे तुला ती चार वर्षं जास्त मिळाली. तरी तुझी अडचण वाचली अन् वाटलं, हे तर मीच लिहिलंय.

नोकरीच्या पहिल्याच हंगामात शंभर गाठींचा ट्रक रवाना केला. एक गाठ १७० किलोची धरली तर १७ टन माल. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत मेल टाकला, ‘द ट्रक हॅड लेफ्ट यस्टर्डे.’ अर्ध्या तासात तिकडून फोन. खरेदी बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, ‘हॅड लेफ्ट? अँड देन? डिड इट कम बॅक?’ मला वाटलं, गाडी कुठं उलटली आणि यांना आपल्याआधी कळलं. शेठजी बाजूलाच बसले होते, त्यांनी पानाचा डबा तसाच खाली ठेवला. ड्रायव्हरला फोन लावला तर तो आदिलाबादच्या पुढं धाब्यावर निवांत चहा पिऊन राहिला होता. मग त्या गृहस्थांनीच हसत समजावलं: ‘हॅड’ ऐकलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीसाठी थांबतो. गाडी निघाली होती, मग काय झालं? काहीच झालं नसेल तर नुसतं ‘द ट्रक लेफ्ट यस्टर्डे’ म्हण.

त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला की चूक इंग्रजीत नव्हती, माझ्या मराठीत होती. म्हणजे मराठी बरोबरच होती, पण मी तिच्यातला ‘होता’ उचलून जसाच्या तसा तिकडं ठेवला. आपण सहज म्हणतो, ‘मी काल नागपूरला गेलो होतो.’ ह्या ‘होतो’चा अर्थ एवढाच की गेलो, काम झालं, परत आलो. इंग्रजीत त्यासाठी ‘आय वेंट टू नागपूर यस्टर्डे’ पुरतं. ‘हॅड’ लागतो तो मागच्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती घडली हे सांगायला. ‘मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ पोचणं एक, सुटणं त्याच्याही आधीचं. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ इथं ‘हॅड’ काढला तर उलट असा अर्थ निघेल की तू पोचलास आणि मग गाडी सुटली, म्हणजे तुला ती मिळायला हवी होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तो बारा खणांचा तक्ता सहा महिने कपाटावर ठेव. तू रोज मराठीत, खरं तर वऱ्हाडीत, जे बोलतोस त्यातलं क्रियापद ऐकायला शीक. आपल्या बोलीतल्या चार-पाच रूपांनीच सगळा घोळ घातलेला असतो, आणि एक-दोन रूपं तर चक्क मदतीला धावतात.

मदतीचं आधी सांगतो. आम्ही शाळेत ‘मी अभ्यास करून राहिलो’ म्हटलं की मास्तर हातावर छडी द्यायचे. अशुद्ध बोलतो म्हणे. ‘करत आहे’ म्हण. पण इंग्रजीच्या आयएनजीला आपल्या ‘करून राहिलो’सारखा जोडीदार दुसरा नाही. ‘काय करून राहिला बे?’ म्हणजे ‘व्हॉट आर यू डूइंग?’ ‘पऱ्हाटीले पाणी देऊन राहिलो’ म्हणजे ‘आय ऍम वॉटरिंग द कॉटन.’ पुण्याकडचा माणूस ‘मी रोज वावरात जातो’ आणि ‘थांब, आत्ता जातो’ ही दोन्ही ‘जातो’नेच भागवतो. आपल्याकडं काम चालू असलं की ‘राहिलो’ येतोच. आणि तो नको तिथं आपण तो लावतही नाही. ‘मले दोन भाऊ होऊन राहिले’ असं कोणी म्हणेल का? हसतील लोक. मग ‘आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स’ का म्हणायचं? ‘वी आर हॅविंग २०० बेल्स’, बेल्स म्हणजे गाठी, असं मी दोन वर्षं लिहीत होतो. ‘जेवून राहिलो’ मात्र आपण म्हणतो, आणि ‘आय ऍम हॅविंग लंच’ तिकडंही चालतं. एवढी चांगली कसोटी कोणत्या क्लासमध्ये मिळायची नाही.

दोन ठिकाणी ती फसवते, तेवढं लक्षात ठेव. ‘समजून राहिलं का?’ आणि ‘दिसून राहिलं का?’ ह्यांना आयएनजी लावू नको. ‘डू यू अंडरस्टँड?’ आणि ‘कॅन यू सी इट?’ समजणं, दिसणं, आवडणं, माहीत असणं ह्या क्रिया इंग्रजीत सहसा ‘चालू’ नसतात.

आता ‘हॅव’. ह्यानं मला सगळ्यात जास्त छळलं, कारण ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणं’ हे आधी शिकलो आणि मग ‘आय हॅव गॉन’मध्ये जवळ काय आहे तेच कळेना. आपल्याकडं ‘आला आहे’, ‘गेला आहे’ असं ‘आहे’नं काम होतं, म्हणून गावातली पोट्टी ‘आय ऍम कम’ म्हणून मोकळी होतात. मला ते समजलं लाईन गेल्यामुळं. रात्री आठला लाईन जाते. सगळ्या आळीतून एकच आवाज, ‘गेली!’ अजून अंधारच आहे. त्या वेळचं वाक्य ‘द पॉवर हॅज गॉन.’ गेली, आणि त्याचा परिणाम आत्ता तुझ्या डोळ्यांसमोर आहे, किंवा डोळ्यांसमोर काहीच नाही म्हण. सकाळी लाईन आलेली असते. चहाच्या टपरीवर तू सांगतोस, ‘रात्री आठला गेली.’ आता ‘द पॉवर वेंट ऍट एट.’ वेळ सांगितली की ‘हॅज’ गेला. आणि ‘मी मोटर चालू करायला विहिरीवर गेलो तं लाईन पहिलेच गेली होती’ हे आपल्याकडचं नेहमीचं रडगाणं घेतलंस तर तिथं ‘हॅड गॉन’ शंभर टक्के बरोबर. मराठीत ‘गेली’ अन् ‘गेली होती’ एवढंच, इंग्रजीत तीन वेगळे सांगाडे.

‘कधी?’ हा प्रश्न विचारून बघ. उत्तर वाक्यातच असेल किंवा दोघांनाही माहीत असेल तर साधा भूतकाळ. ‘विदर्भ हॅज वन द रणजी ट्रॉफी’ असं म्हणतोस तेव्हा तू कधी ते सांगत नाहीस, आपल्या टीमच्या खात्यात करंडक जमा आहे एवढंच छाती फुगवून सांगतोस. पण १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा जिंकला, हे सांगायचं तर ‘विदर्भ वन इट फॉर द फर्स्ट टाइम ऑन द फर्स्ट ऑफ जॅन्युअरी.’ तारीख आली आणि ‘हॅज’ला जागा उरली नाही. दुसरी गंमत म्हणजे गेलेल्या माणसांची. ‘गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आहेत’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य, पण बाबा १९५६ साली गेले, त्यांचा हिशेब पूर्ण झाला, म्हणून इंग्रजीत ‘बिल्ट’. ‘हॅज बिल्ट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाबा आहेत, अजून एखादी बांधतील.

‘पासून’ हा तिसरा चकवा. ‘सकाळपासून वाट पाहून राहिलो’, ‘दोन घंट्यांपासून वाट पाहून राहिलो’. आपल्याला एकच ‘पासून’ पुरतो. तिकडं दोन आहेत. मी ते जिनिंगच्या पावतीवरून लक्षात ठेवलं. पावतीवर तारीख असते आणि काट्यावरचं वजन असतं. तारखेसारखं काही असेल, म्हणजे सकाळ, सोमवार, दिवाळी, २०१५, तर ‘सिन्स’. मोजून भरलेलं असेल, दोन तास, तीन महिने, दहा वर्षं, तर ‘फॉर’. आणि दोन्हीत काम अजून चालूच आहे म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग’. ‘आय ऍम वेटिंग सिन्स टू अवर्स’ आपल्याकडं कलेक्टर ऑफिसातही ऐकू येतं, समोरच्याला कळतंही, त्यामुळं चूक झाली तर जीव टाकू नको.

शेतकऱ्याच्या घरी ‘जर-तर’ शिकवावं लागत नाही, पण इंग्रजी करताना तेच अंगावर येतं. जूनमध्ये तुझा बाप म्हणतो, ‘पाऊस आला तं पेरू.’ नीट ऐक. पाऊस अजून आलाच नाही, तरी क्रियापद ‘आला’, म्हणजे भूतकाळ. पोरगं ते धरून ‘इफ रेन केम’ करतं. इंग्रजीत ‘इफ इट रेन्स, वी विल सो.’ ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमान, ‘विल’ दुसऱ्या बाजूला. हेच ‘पोचलो की फोन करतो’चं. यात ‘पोचलो’ भूतकाळ, ‘करतो’ वर्तमानकाळ, आणि घडायचं आहे उद्या. आपली मराठी पण काय कमी नाही! ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ मग ऑक्टोबर येतो आणि ओट्यावर वेगळं वाक्य सुरू होतं, ‘ऑगस्टात दोन पाणी आले असते तं सोयाबीन झालं असतं.’ आलं नाही, झालं नाही. ‘इफ इट हॅड रेन्ड इन ऑगस्ट, द सोयाबीन वुड हॅव सर्वाइव्ह्ड.’ ह्या एका सांगाड्याचा सराव मी म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकत केला. दर संध्याकाळी पाच-सहा वाक्यं फुकट मिळतात.

‘जायचो, यायचो’ तर सोपंच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला गाडी दारव्ह्यावरून जायची, आता कित्येक वर्षं ती बंद आहे. ‘शकुंतला यूज्ड टू रन थ्रू दारव्हा.’ जिथं तुझ्या तोंडी ‘-यचा, -यची’ येईल आणि ती गोष्ट आता राहिली नसेल तिथं बिनधास्त ‘यूज्ड टू’ ठेव.

बारीकसारीक तीन गोष्टी पटकन सांगतो. ‘डिड यू वेंट’ ही चूक सगळ्यांची. आमच्या फाटकावर एका गाडीला एकच गेटपास फाडतात. भूतकाळाचा गेटपास ‘डिड’नं घेतला, मग मागचं क्रियापद साधं, ‘डिड यू गो’. दुसरं, ‘ही गोज’मधला स. आपल्याकडं क्रियापद बाई-माणूस बघून बदलतं, जाते-जातो, आणि भूतकाळात तर ‘तिनं चहा केला, भाजी केली’ असं पुढच्या वस्तूकडं बघतं. इंग्रजीला बाई-माणूस काही देणंघेणं नाही, फक्त एकट्या तिऱ्हाइताला वर्तमानात स लागतो. नियम एका मिनिटात कळतो, जिभेवर बसायला वर्ष जातं. तिसरं, ‘पॅकेड, चेकेड’ म्हणू नको. पॅक्ट, चेक्ट. शेवटी ट किंवा ड असला तरच ‘इड’, जसं लोडिड, वाँटिड.

आता मुख्य प्रश्न, गावात तपासणारं कोणी नसताना सराव कसा करायचा.

बाजारात रिकाम्या जागा भरायची पुस्तकं मिळतात, ती घेऊ नको असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नको. त्यात ‘नाऊ’ दिसलं की आयएनजी, ‘यस्टर्डे’ दिसलं की भूतकाळ, ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅज बीन’. पोरं वाक्य वाचतच नाहीत, खुणेचा शब्द हुडकतात. पेपरात मार्क पडतात. खऱ्या बोलण्यात समोरचा खुणेचा शब्द हातात देत नाही, काळ तुझा तुलाच ठरवावा लागतो. तुझं घोडं तिथंच अडलंय असं मला वाटतं.

त्यापेक्षा आठवी-नववीचं इंग्रजीचं जुनं पुस्तक काढ. बारावीचं नको, सोपंच पाहिजे. धड्यातला आठ-दहा ओळींचा उतारा वहीत उतरव, पण प्रत्येक क्रियापद मूळ रूपात लिही: गो, सी, बी, टेक. पुस्तक मिटून ठेव. दोन दिवसांनी वही उघड आणि रूपं स्वतः भर. मग पुस्तकाशी ताडून बघ. तपासणारा मास्तर म्हणजे तेच पुस्तक. जिथं चुकलास तिथं थांब आणि त्या ओळीचं मराठी मोठ्यानं म्हण. दहापैकी सात वेळा कळेल की मराठीतल्या ‘होता’नं, ‘आला तर’नं किंवा ‘पासून’नं तुला ओढलं. मी असे साठेक उतारे केले. त्यानंतर बारा काळांचा तक्ता आपोआप कळायला लागला, कारण खणात टाकायला माल तयार होता.

वर्तमानपत्र घेतलंस तर मथळ्यांपासून जपून राहा. इंग्रजी मथळ्यात कालची बातमी वर्तमानकाळात छापतात, ‘मिनिस्टर व्हिजिट्स यवतमाळ’, आणि उद्याची ‘टू’ लावून, ‘मिनिस्टर टू व्हिजिट’. तो मथळ्यांचा रिवाज आहे. काळ शिकायचा तर खालची बातमी वाच. क्रिकेटची कॉमेंट्रीही तशीच, चेंडू चालू असताना ‘ही हिट्स इट’ म्हणतात. कानाला चांगली, नक्कल करायला वाईट.

रात्री जेवण झाल्यावर पाच ओळी लिही. तीन आज घडलेल्या गोष्टींच्या, एक आत्ता घरात काय चालू आहे त्याची, एक उद्याची. ‘आय लर्न इंग्लिश’सारखी पुस्तकी वाक्यं नकोत. म्हैस आटली, विजेची डीपी जळाली, मावशी आली, बसचा पास संपला, असलं लिही. शब्द अडला तर तो मराठीतच ठेव, ‘द डीपी बर्न्ट लास्ट नाइट’ पुरेसं आहे. पंधरा दिवस लिहिल्यावर तीच वाक्यं न बघता फोनमध्ये बोलून रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते. मी गोदामात गाठींच्या मागं बसून ऐकायचो.

अनियमित रूपं पाठच करावी लागतात, त्याला सुटका नाही. रोज वापरायची बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी, कम ही सगळीच नेमकी वाकडी. पण अक्षरानुक्रमानं घोकू नको, चालीनं घे. कट-कट-कट, पुट-पुट-पुट. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट. ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंग-सँग-संग. साठ-सत्तर पुरतात. ‘रीड’चा भूतकाळ तसाच लिहितात आणि ‘रेड’ वाचतात, हे मला तिशीत कळलं.

आणि एका वेळी एकच चूक पकड. ह्या महिन्यात फक्त ‘डिड यू वेंट’. बाकी काहीही चुकू दे, तेवढं चुकू द्यायचं नाही. सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलास तर तोंडच उघडणार नाही, आणि तुझं सध्या बहुतेक तेच होऊन राहिलं आहे. गावात एखादा दोस्त असेल तर बसनं कॉलेजला जाताना एकानं वऱ्हाडीत वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं इंग्रजीत परतवायचं. हरला तो कटिंग पाजेल.

किती दिवस लागतील ते तुझ्यावर. मला एकट्या ‘हॅड’ची खोड मोडायला दिवाळी ते होळी, पुरा एक हंगाम लागला. पूर्ण गेली असं अजूनही म्हणवत नाही. परवाच घाईत फोनवर बोलून गेलो, ‘सर, वी हॅड लोडेड द बेल्स यस्टर्डे.’ जीभ चावली. ते जुने गृहस्थ आता निवृत्त झालेत, त्यांच्या जागी नवा पोरगा आलाय. तो शांतपणे म्हणाला, ‘ओके सर, आय हॅड नोटेड.’